ड्राय डेच्या संध्याकाळी चार बार

सेंडाताई नऊ वर्षं एका माणसाच्या डाव्या कानाशेजारी उभी राहून गात आली. कान क्रिसांतोचा, म्हणजे आमच्या सांतोचा. तो कीबोर्ड वाजवायचा, ती त्याच्या डाव्या हाताला माइक घेऊन उभी राहायची, आणि दोघांचीही तोंडं समोरच्या लोकांकडे. त्या कानाबद्दल ती कितीही बोलू शकायची. लय चुकली की तो लाल होतो, एसी फार थंड असला की त्याची पाळी पांढरी पडते, आणि एखादं गाणं मनासारखं झालं की तो किंचित मागे सरकतो, मांजराचा सरकतो तसा.

"कानाशी लग्न कर मग," पर्ला म्हणायची.

"त्याने विचारलं पाहिजे ना."

"कानाला तोंड कुठे असतं, ताई."

आम्ही तिघी अबुधाबीत टुरिस्ट क्लबच्या भागात एका खोलीत राहायचो. रोसेंडा अब्रेनिका, म्हणजे आमची सेंडाताई, सगळ्यांत मोठी, सेहेचाळीस वर्षांची, हॉटेलांच्या बारमध्ये गाणारी. पर्ला सलूनमध्ये लोकांचे केस सरळ करायची आणि उरलेल्या वेळात लोकांना. मी एका हॉटेलच्या रेस्टॉरंटच्या दारात उभी राहून आलेल्यांना टेबलापर्यंत सोडायचे. सेंडाताईचे टिकल्यांचे लांब गाऊन ठेवायला कपाट पुरायचं नाही, म्हणून ते पडद्याच्या दांडीला टांगलेले असायचे. दुपारी ऊन त्यांच्यावर पडलं आणि पंख्याने ते हलले की आमच्या छतावर चांदीचे मासे पोहायचे. मी आणि पर्ला चटईवर पडून ते बघत बसायचो. कितीतरी दुपारी आम्ही अशाच समुद्राच्या तळाशी काढल्या.

ती आमच्या बेटांच्या देशातल्या दुमागेते शहरातून आली होती सहा महिन्यांच्या करारावर. या शहरात सगळेच सहा महिन्यांसाठी येतात. तिचे सहा महिने एकोणीस वर्षं चालले.

आमच्याकडच्या गाणाऱ्यांना हॉटेलं जोडीने घेतात. एक पुरुष कीबोर्डवर, एक बाई माइकवर. एजन्सी जोडीचा एकच फोटो पाठवते, करारही एकच. बाईचं वय दिसायला लागलं की जोडी मोडत नाहीत, नुसती अर्धी बदलतात. जानेवारीत सेंडाताईला एजन्सीतून फोन आला, की तुमचा करार पुढे वाढणार नाही. सांतोचा वाढला. त्याच्यासाठी सेबूहून तेवीस वर्षांची एक मुलगी निघाली होती, ती फेब्रुवारीतल्या ईद-ए-मिलादनंतरच्या गुरुवारी उतरणार होती. त्यानंतरच्या रविवारी सेंडाताईचं परतीचं विमान.

ती रडली नाही. दोन दिवस तिने गाऊन धुतले. तिसऱ्या दिवशी आंबट सूप ढवळताना म्हणाली, "मला बारमध्ये बसायचंय."

"रोज तर जात होतीस," पर्ला म्हणाली.

"जात होते. बसले कधी?"

खरं होतं ते. कलाकारांनी पाहुण्यांच्या जागेत बसायचं नाही, असं करारातच असतं. दोन गाण्यांच्या फेऱ्यांमध्ये सुटी मिळाली की ती आणि सांतो मागच्या बोळात, बर्फाच्या यंत्राजवळ, सोड्याच्या उपड्या क्रेटवर जाऊन बसायचे. एकोणीस वर्षं तिने या शहरातल्या चार मोठ्या हॉटेलांचे बार उभ्याने बघितले होते.

"चारही बार," ती म्हणाली. "एकाच संध्याकाळी. पुढच्या दारातून जायचं, खुर्चीवर बसायचं, काहीतरी मागवायचं, उठायचं, पुढच्या बारला. आणि सांतो बरोबर हवा."

"म्हणजे पवित्र गुरुवारी आपण सात चर्च फिरतो तसं," मी म्हणाले.

"तसंच. फक्त गुडघे टेकायचे नाहीत."

अडचण अशी की सांतोला संध्याकाळ मोकळी नसायची. सहा दिवस हॉटेल, आणि सुटीच्या शनिवारी तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, सकाळपासून, चार भाषांतल्या प्रार्थनांना. बारमध्ये वाजवणाऱ्यांना खरी सुटी एकच, ड्राय डेची. त्या दिवशी दारू नाही आणि दारू नाही म्हणून संगीतही नाही. आणि इथे दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो, म्हणून ड्राय डेसुद्धा आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. त्या वर्षी ईद-ए-मिलादची आदली संध्याकाळ नेमकी व्हॅलेंटाइनच्या दिवशी आली होती.

"वा," पर्ला म्हणाली. "बारची फेरी, ती ड्राय डेला. लोक पोहायला समुद्र आटल्यावरच जातात."

"मला प्यायचं कुठंय?"

"मग काय करायचंय? खरं सांग. बार बघायचेत की माणूस?"

सेंडाताईने गॅस बारीक केला. तिच्या भावाची दुमागेतेला समुद्राकाठी एक रिकामी खोली होती. तिथे मुलांसाठी गाण्याचा क्लास काढायचा तिचा विचार होता, हे आम्हाला माहीत होतं. क्लासला कीबोर्ड वाजवणारा लागतो, हे कुणालाही कळेल.

"त्याला विचारणार आहे, माझ्याबरोबर चल म्हणून," ती म्हणाली. "पण असं कानात नाही विचारायचं. समोर बसून विचारायचं. तो मागच्या बोळात समोर बसत नाही, स्टेजवर समोर नसतो. पाहुणे समोरासमोर बसतात. मी रोज बघते."

पर्लाने टोपलीतून चार कलमानसी काढल्या, आमची ती गोटीएवढी लिंबं, आणि चटईवर मांडायला घेतल्या. "हा समुद्र. हा किनाऱ्याचा रस्ता. बोल, कुठून सुरुवात?"

"आधी सी क्वीन. मी पहिल्यांदा गायले ते तिथे. मग कॅरव्हेल, मग अल सिद्र, मग मरसा टॉवर. जसं आयुष्यात झालं तसं."

पर्लाने चार लिंबं तिच्या सांगण्याप्रमाणे ठेवली आणि बोटाने रस्ता काढला. सी क्वीन बंदराच्या बाजूला, अगदी आपल्या घराजवळ. मरसा टॉवर दुसऱ्या टोकाला. "म्हणजे शेवटी तू सगळ्यांत लांब असणार, आणि व्हॅलेंटाइनला टॅक्सी मिळणार नाही. उंच टाचा हातात घेऊन अख्खा किनारा चालत येशील. त्यापेक्षा उलटं कर. दिवस असताना टॅक्सीने मरसाला जा आणि घराकडे येत राहा."

"उलटं म्हणजे शेवटापासून पहिल्याकडे."

"हो. प्रत्येक बारला तू तरुण होत जाशील. फुकटात."

हे सेंडाताईला एकदम आवडलं. ती चटईवर बसून लिंबांकडे बघत राहिली, जशी माणसं समुद्राकडे बघतात. मग तिच्या कपाळावर आठी आली. "पण सी क्वीनमध्ये सांतो नव्हता. तिथे माझ्याबरोबर बासिलियो वाजवायचा. सांतो मला भेटला कॅरव्हेलमध्ये."

"मग कॅरव्हेलपर्यंत विचारून टाक," पर्ला म्हणाली. "त्याच्या पलीकडे गेलीस की तुमची ओळखच झालेली नसेल." आणि तिने सी क्वीनचं लिंबू उचलून सूपमध्ये पिळलं.

सांतोला फोन सेंडाताईने आमच्यासमोर केला, स्पीकरवर.

"प्यायला काय मिळेल?" त्याने विचारलं.

"ज्यूस."

"आणि गाणी?"

"ड्राय डेला कुठली गाणी, सांतो?"

"मग जाऊन करायचं काय?"

"बसायचं."

पलीकडे एवढी शांतता झाली की पर्लाने फोन उचलून बघितला, लागलाय ना म्हणून. मग तो म्हणाला, "बूट कुठले घालू?"

त्या संध्याकाळी समुद्रावरून धुकं आलं. हिवाळ्यात येतं कधीकधी, पण एवढ्या लवकर नाही. अजानचे आवाज त्याच्यातून ओले होऊन येत होते आणि मरसा टॉवरचा वरचा अर्धा भाग नव्हताच, नुसते काही दिवे हवेत लटकले होते. सेंडाताईने टिकल्यांचं काही घातलं नव्हतं. साधा निळा पोशाख, केस मोकळे. मी आणि पर्ला सोबतीला होतो. सांतो मरसाच्या दाराशी आधीच येऊन थांबला होता, वाजवायला जाताना घालतो त्या काळ्या बुटांत, हात पुढे धरून. त्या हातांचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.

त्या गोल फिरणाऱ्या काचेच्या दारात आम्ही चौघं एकाच कप्प्यात शिरलो आणि अडकलो. दरवानाने बाहेरून हळूच ढकललं. आत लिफ्ट आली, तिच्यात बटणंच नव्हती. मजला बाहेरच निवडायचा असतो, हे आम्हाला कुणाला माहीत असणार? लिफ्टने आम्हाला पोहण्याच्या तलावाच्या मजल्यावर नेऊन सोडलं. टॉवेल गुंडाळलेला एक गोरा माणूस आत आला आणि आमच्याकडे बघून हसला.

"मागची लिफ्ट बरी होती," सांतो म्हणाला. "तिच्यात बटाट्याची पोती असायची, पण बटणं होती."

मरसाच्या बारमध्ये छतापासून लाल कागदी बदाम सोडले होते आणि खाली कुणी नव्हतं. बाटल्यांवर पांढरी चादर, कीबोर्डवर काळी. काचेबाहेर नुसतं धुकं, जणू ती खोली कुणीतरी कापसात घालून ठेवली होती. सेंडाताईबरोबर काम केलेला नेपाळी वेटर बिष्णू धावत आला. "ताई, तू पुढून आलीस?"

"आज मॅडम म्हण."

"मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचे गाल वरच्या बदामांसारखे लाल झाले.

त्याने त्या दोघांसाठी खिडकीशी टेबल दिलं, आम्हा दोघींना शेजारचं. सेंडाताई बसली. समोरची खुर्ची रिकामी होती. सांतोने ती उचलली, टेबलाला वळसा घातला, तिच्या उजव्या हाताला ठेवली आणि खोलीकडे तोंड करून बसला. त्याला आपण काय केलं हे कळलंसुद्धा नाही. दोघं कलिंगडाचा रस घेऊन रिकाम्या बारकडे बघत राहिले, जसं काही आता पहिलं गाणं सुरू होणार आहे.

"काय छान बसलेत," पर्ला माझ्या कानात म्हणाली. "फोटोसाठी."

अल सिद्रमध्ये बार बागेत होता. खजुरांच्या झाडांना दिव्यांच्या माळा होत्या आणि धुक्यामुळे प्रत्येक दिव्याभोवती एक मऊ वर्तुळ. तिथे खुर्च्याच नव्हत्या, एकच लांब सोफा. तिथे समोर बसायचं म्हटलं असतं तर कारंज्यात बसावं लागलं असतं. सेंडाताईने डाळिंबाचा रस मागवला, सांतोने तोच. तो हळूहळू सैल होत होता. याच झाडाखाली एकदा वाऱ्याने तिचा गाऊन पाहुण्यांच्या टेबलावरच्या मेणबत्तीवर उडाला होता, आणि त्याने एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने पाण्याचा ग्लास ओतला होता.

"तू गाणं थांबवलं नाहीस," तो म्हणाला.

"तू वाजवायचा थांबला नाहीस, मी कशी थांबू?"

"लोकांना वाटलं, तसंच असतं."

दोघं खूप हसले, समोरच्या कारंज्याकडे बघत.

कॅरव्हेलला पोहोचेपर्यंत मला कळत नव्हतं की आपण चालतोय की रस्ताच मागे सरकतोय. धुक्यात किनाऱ्याचे दिवे एकामागून एक यायचे आणि विझल्यासारखे मागे जायचे. सेंडाताई खरंच तरुण दिसायला लागली होती, किंवा केस ओले झाल्यामुळे तसं वाटत असेल. ती माझ्या जवळ सरकून म्हणाली, "आता विचारते."

तिथे काउंटरशी उंच खुर्च्या होत्या. पुन्हा दोघांची तोंडं एकाच दिशेला, चादरीखाली झाकलेल्या बाटल्यांकडे. पण आता सांतो आपणहून बोलला.

"तू हिरवं घातलं होतंस. आणि तुला सर्दी झाली होती."

"तुला कसं आठवतं?"

"तिसऱ्या गाण्याला मी सूर दोन पट्ट्या खाली आणला. तुला न विचारता. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, सरळ खाली आलीस. मला वाटलं, ही चांगली आहे."

सेंडाताईने ग्लास खाली ठेवला. पर्लाने माझा हात दाबला. आणि तेवढ्यात एक वेटर आला, लाल टाय लावलेला, हातात एक गुलाब आणि दोघांचं खास जेवण असलेलं लाल कार्ड. त्याने गुलाब त्यांच्यामध्ये ठेवला आणि इतका वाकला की टाय काउंटरला लागला. "आजच्या जोडीसाठी, हॉटेलकडून."

सांतो खुर्चीवरून घसरलाच. "नाही, नाही. आम्ही जोडी नाही. म्हणजे जोडी आहोत, पण कामाची. ते कामही संपलं."

वेटर गुलाब घेऊन गेला. सेंडाताईने ग्लासातली स्ट्रॉ सरळ केली, मग वाकडी केली. "चला," ती म्हणाली, "एक राहिलाय."

सी क्वीन जुनं हॉटेल. लिफ्टला बटणं होती, आणि गालिच्याला समुद्राच्या पाण्याचा वास. बार तळघरातला, तपकिरी, बुटका. तिथे टेबलं भिंतीत बसवलेली होती आणि दोन्ही बाजूंना बाकं जमिनीला खिळलेली, एकमेकांसमोर. सेंडाताई एका बाकावर बसली. सांतोने उचलायला खुर्ची शोधली. खुर्ची नव्हती. मग तो तिच्या बाजूच्या बाकाकडे वळला, पण तिथे तिने पर्स आणि कोट ठेवला होता आणि ती तो काढत नव्हती. शेवटी तो समोर बसला. आम्ही पाठीमागच्या बाकावर, लाकडाच्या पातळ फळीपलीकडे. ऐकू येणारच होतं आणि आम्ही कान बंद केले नाहीत.

"इथे तुझ्याबरोबर कोण होता?" त्याने विचारलं.

"बासिलियो. इलोइलोचा."

"कसा वाजवायचा?"

"भरभर. त्याला बस पकडायची असायची."

सांतो बरं वाटल्यासारखा खोकला. तिथे फ्रीजसुद्धा बंद होते, त्यामुळे तो खोकलाही मोठा ऐकू आला.

"सांतो, माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"दुमागेतेला. भावाची खोली आहे समुद्राकडे. मुलांना गाणं शिकवायचं. तू वाजवायचं, मी शिकवायचं. राहायलाही तिथेच. तुला हवं तर."

"ती नवी मुलगी गुरुवारी येतेय."

"एजन्सीकडे कीबोर्डवाल्यांची रांग आहे. ते कारण नको देऊस."

पर्लाने ओठ दाताखाली धरला होता. मग त्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा. "सेंडा, नऊ वर्षांत आपण किती बोललो? पुढचं कुठलं. सूर कितीचा. पाणी दे."

"मला वाटलं, ते पुष्कळ होतं."

"पुष्कळच होतं. म्हणूनच. मला तेवढंच येतं. घरात सकाळी उठून तू समोर बसशील, आणि मला बोलावं लागेल. मी दोन महिन्यांत संपेन. मग तू माझ्याकडे बघशील, पण आत्ता बघतेस ना, तशी नाही. दुसरी."

"दुसरी कशी?"

"माझी आई बाबांकडे बघायची तशी."

"मी तशी बघणार नाही."

"तुला माहीत नाही. मलाही माहीत नाही. पण मी नाही येणार."

तो ते फार साधेपणाने म्हणाला. वेटर संत्र्याचा रस ठेवून गेला. ग्लास टेबलावर सरकल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा.

"बरं," ती म्हणाली. "आता कळलं."

"रागावलीस?"

"हो. उद्या रागावेन. आत्ता रस पी."

त्याने रस प्यायला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या मुलीला पहिला आठवडा उंच सूर देऊ नकोस. इथल्या एसीत आवाज बसतो."

"बरं."

"आणि तिला सांग, पहिल्या टेबलाकडे बघून गायचं नाही. मागच्या भिंतीकडे बघायचं."

"तूच सांग ना," सांतो म्हणाला. "गुरुवारी विमानतळावर ये. मला तिच्याशी काय बोलायचं ते कळणार नाही."

यावर सेंडाताई हसायला लागली. आधी नुसती खांदे हलवत, मग मोठ्याने, त्या रिकाम्या तळघरात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी फक्त हसण्याचंच होतं की नाही, हे फळीपलीकडून आम्हाला कळलं नाही. ती उठून आमच्या बाकाशी आली.

"काय म्हणाला?" सगळं ऐकलं असूनही पर्लाने विचारलं.

"नाही म्हणाला."

"मग आता?"

"आता भूक लागलीय. खऱ्या जेवणाची. चला."

आम्ही चौघांनी मागच्या गल्लीतल्या आमच्या खानावळीत शेवया खाल्ल्या. सांतोने तिच्या ताटातला मिरचीचा तुकडा न विचारता काढून ठेवला, तिने तो न विचारता काढू दिला. गुरुवारी ती विमानतळावर गेली. ती मुलगी फार भित्री निघाली. सेंडाताईने तिला आपली शाल दिली आणि मागच्या भिंतीचंही सांगितलं. रविवारी ती स्वतः गेली. पडद्याची दांडी रिकामी झाली, आणि आमच्या दुपारी पुन्हा नुसत्या गरम झाल्या.

क्लास तिने काढला. शाळेत शिकवणारी एक बाई तिथे कीबोर्ड वाजवते, सेंडाताईच्याच वयाची, विधवा. परवा फोनवर मी विचारलं, कशी आहे ती?

"वाजवते बरं," सेंडाताई म्हणाली. मागे मुलांचा कल्ला होता, आणि त्याच्याही मागे एका बाईचा आवाज, सारखा, न थांबता. "पण बोलते. अगं, किती बोलते. गाण्याच्या मधेसुद्धा."

"मग काय करतेस?"

"काय करणार? उत्तरं देते."